मॉनिटर जागा होत नाही

३ मार्च २०२५, सोमवार. सावेडी.

ही वही आजपासून एकाच प्रयोजनासाठी राखून ठेवीत आहे : माझ्या टेबलावरील मॉनिटरच्या दोषाची तारीखवार नोंद. कंपनीकडे तक्रार करावयाची तर पुरावा लिखित असावा, हे चौतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकविलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको.

वस्तुस्थिती अशी. लॅपटॉप थोडा वेळ तसाच ठेवला की तो झोपतो, आणि त्याला जोडलेला सत्तावीस इंची मॉनिटरही झोपतो. इथपर्यंत माझी हरकत नाही. कळफलकावर बोट ठेवताच लॅपटॉप जागा होतो. मॉनिटर होत नाही. त्याच्या खालच्या कडेचा पांढरा दिवा मंदपणे उघडझाप करीत राहतो. म्हणजे वीज आहे, प्राण आहे, परंतु दाद नाही. बटण दाबले, दिवा विझला. पुन्हा दाबले, दिवा लागला. पडदा काळा तो काळाच. सकाळी सव्वानऊ ते अकरा हाच व्यवहार चालला होता.

मॉनिटर दोन वर्षांपूर्वी कन्या निकिता हिने घेऊन दिला. या दोन वर्षांत त्याने एकदाही असे केले नाही. नोव्हेंबरात पत्नी पुष्पावती गेली, तेव्हापासून तो बंदच होता. आज मी प्रथमच कामास बसलो, आणि आजच याला हे सुचावे!

काम तातडीचे आहे. निवृत्तीनंतर मी मोडी लिपीतील जुन्या कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करून दाखला देतो. मोडी म्हणजे आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग हात न उचलता लिहिलेली, शब्द न तोडलेली लिपी. तिच्यासाठी कागद मोठा करून पाहावा लागतो, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. या कामात पुष्पावती मला साहाय्य करीत असे. ती पडद्याकडे पाहून उच्चार करी, मी टंकन करी, दाखल्यावर सही माझी असे. केवळ श्रमविभागणी.

सध्याचा कागद घोडेगावजवळच्या साळूबाईंचा आहे : शके १८३३चे वाटणीपत्र, बेचाळीस ओळी. त्यांच्या शेताकडे जाणारी गाडीवाट शेजाऱ्याने जेसीबीने चर खणून बंद केली आहे. आत चार एकर कांदा उभा आहे. तो काढला तरी बाहेर कसा आणावा हा प्रश्न. वाट जुनी असल्याचा पुरावा या कागदात असावा असे त्यांना वाटते. नेवासे तहसील कार्यालयात २७ मार्चला सुनावणी आहे. कागद त्यांनी जानेवारीत आणून दिला. आठ दिवसांत देतो, असे मी म्हणालो होतो.


४ मार्च, मंगळवार.

कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राशी दूरध्वनीवर चाळीस मिनिटे. पैकी एकतीस मिनिटे संगीत. नंतर एक सुशील कन्या आली आणि तिने विचारले, सर, आपण तो बंद करून पुन्हा चालू करून पाहिला का? मी तिला सांगितले की, बाई, मी तेच करीत वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी येऊन पोचलो आहे. तिने दिलगिरी व्यक्त केली, तक्रार क्रमांक दिला, आणि माझ्या समाधानाला पाचपैकी किती गुण देता असे विचारले. मी शून्य म्हणालो. किमान एक द्यावा लागतो म्हणे. ही कसली परीक्षा?


६ मार्च, गुरुवार.

गनीभाई येऊन गेले. यांचे दुकान प्रोफेसर कॉलनीच्या चौकाजवळ आहे. पूर्वी टीव्ही दुरुस्त करीत, आता संगणक. हा मॉनिटर त्यांनीच बसविला होता. वय पंचावन्नच्या आसपास, चष्मा कपाळावर, आणि बोलण्याची घाई कधीच नाही.

त्यांनी जोडणीची तार बदलली. फरक नाही. लॅपटॉपच्या दुसऱ्या छिद्रात घातली. फरक नाही. मग त्यांनी मॉनिटरच्या पाठीमागची विजेची पिन उपटली, ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजले, पिन पुन्हा घातली. आणि पडदा लख्ख उजळला. साळूबाईंचे वाटणीपत्र समोर उभे राहिले, एकेक अक्षर पेरूएवढे.

गनीभाईंच्या मते प्रश्न सुटला. झोपला की पिन काढायची, दहा मोजायचे, घालायची. मी त्यांना स्पष्ट सांगितले की हा उपाय नव्हे, ही तडजोड आहे. दोषाचे मूळ सापडल्याविना मी त्या यंत्रावर विसंबून काम करू शकत नाही. ते आपली हत्यारे पिशवीत भरू लागले.

“सर, मूळ मी शोधतो. पण तोवर काम तर होतंय ना?”

कामाची चिंता त्यांनी करू नये, असे मी म्हणालो.


८ मार्च, शनिवार.

पिन काढली, दहा मोजले, घातली. पडदा चालू. दहा वाजता वाचनास बसलो. आरंभीची ओळ आणि शक यांत अडचण नाही, ते प्रत्येक कागदात सारखेच असते. अडीच ओळी झाल्या. मग मनात आले की एवढ्यात लॅपटॉप झोपू द्यावा आणि दोष पुन्हा घडतो का ते पाहावे. घडला. वेळ १० वाजून ५२ मिनिटे. दिव्याची उघडझाप दर मिनिटास वीस. मागील सोमवारी एकोणीस होती.

दुपारी इतर काम नसल्याने उघडझाप तीन वेळा मोजली.


१२ मार्च, बुधवार.

कंपनीस चार पानी पत्र पाठविले : दोषाचे वर्णन, परिशिष्ट अ (वेळा), परिशिष्ट ब (दिव्याची उघडझाप). मसुदा करण्यात दोन दिवस गेले, परंतु पत्र चांगले उतरले आहे.

निकिताचा पुण्याहून फोन. जेवणाचे विचारले, गोळ्यांचे विचारले, आणि मग तेच : बाबा, इकडे या. मी म्हणालो, कामाचा खोळंबा झाला आहे, मॉनिटर बिघडला आहे. दुसरा घेऊन पाठवते म्हणाली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, “मग बाबा, लॅपटॉपवर झूम करून वाचा ना.” लॅपटॉपवर मोठे केले तर ओळ मावत नाही, आणि ओळ मावली तर अक्षर दिसत नाही. तिला हे तत्त्वतः पटले असावे, कारण ती पुढे काही बोलली नाही. मग म्हणाली, आई असती तर एव्हाना तिचं तुम्हाला ओरडून झालं असतं. फोनवर बोलण्याची ही पद्धत नव्हे.


१५ मार्च, शनिवार.

काल धुळवडीमुळे दुकाने बंद होती. आज गनीभाईंना दोनदा फोन केला. सोमवारनंतर येतो म्हणाले. कंपनीचे उत्तर आले : आपले पत्र आम्हाला मोलाचे आहे, कृपया मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करून पाहावा.


१७ मार्च, सोमवार.

साळूबाई आणि त्यांचा पुतण्या गोरक्ष, दोघे न कळविता आले. गोरक्ष सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आज रजा टाकून आला होता. साळूबाई साठीच्या पुढच्या, अंगाने काटक. सोबत पिशवीत नव्या कांद्याच्या चार जुड्या. खुर्चीवर न बसता त्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसल्या. ते स्टूल पुष्पावतीचे.

कागद कुठवर आला, हे त्यांनी विचारले. मी मॉनिटरची अवस्था तपशिलाने सांगितली. साळूबाई काळ्या पडद्याकडे बराच वेळ पाहत होत्या.

“आमची एक म्हस बी अशीच बसायची,” त्या म्हणाल्या. “लई मारलं, न्हाई उठली. शेवटी घोडेगावच्या बाजारात इकली. ज्यानं घेतली त्याच्या दारात ती झटक्यात उठली.”

गोरक्ष हसला आणि त्याने अनेक सूचना केल्या. झेरॉक्सच्या दुकानात मोठ्या कागदावर प्रत काढू. मी म्हणालो, शाईच्या छटा जातात. त्याच्या घरच्या मोठ्या टीव्हीला जोडू. मी म्हणालो, टीव्हीपासून अंतर जास्त पडते. भिंग आणून देतो. मी म्हणालो, भिंगाने कडा वाकतात. ही सर्व उत्तरे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहेत. गोरक्ष मग मोबाईल पाहू लागला.

निघताना साळूबाईंनी सांगितले की वरच्या पट्ट्यातला कांदा माना टाकू लागला आहे, पंधरवड्यात काढावाच लागेल. मजूर ठरविले आहेत. ट्रॅक्टर मात्र चरापाशी येऊन थांबणार. तिथून पाठीवर वाहायचा तर पाव मैल. सत्तावीस तारीख हुकली तर पुढची तारीख मे महिन्यात, तोवर कांदा शेतातच सडणार. हे त्यांनी एखाद्या दुसऱ्याच्या शेताविषयी सांगावे तसे सांगितले.

मी त्यांना आश्वासन दिले की मॉनिटर दुरुस्त होताच काम दोन दिवसांचे आहे.


२१ मार्च, शुक्रवार.

गनीभाई आले आणि मूळ सापडले.

दोष तारेत नाही, लॅपटॉपमध्ये नाही. मॉनिटरच्या पाठीमागे एक लहानसे बटण आहे, ते दाबले की त्याच्या स्वतःच्या सूचनांची यादी उघडते. हे मला ठाऊकच नव्हते. त्या यादीत तळाशी ‘डीप स्लीप’ नावाची सोय आहे. वीज वाचविण्यासाठी कंपनीने ती आधीच चालू करून ठेवलेली असते. ती चालू असली की मॉनिटर इतका गाढ झोपतो की लॅपटॉपची हाक त्याला ऐकूच जात नाही. गनीभाईंनी ती बंद केली. म्हणाले, आता हा नुसती डुलकी घेईल.

मी अकरा वेळा लॅपटॉप झोपविला आणि अकरा वेळा उठविला. मॉनिटर अकराही वेळा जागा झाला. गनीभाई चहा पिऊन गेले. एकोणीस दिवसांचा मनस्ताप एका बटणात संपला. मला समाधान व्हावयास हवे होते.

सायंकाळ झाली, म्हणून वाचन उद्यापासून.


२२ मार्च, शनिवार.

सकाळी नऊला बसलो. पडदा तत्काळ जागा झाला.

तिसरी ओळ पुरी केली. चौथ्या ओळीत कोणी ‘बिन’, म्हणजे पुत्र, कोणाचा असा नातेसंबंध आहे, एवढे कळते. नावे कळत नाहीत. कागद उत्तम अवस्थेत आहे, शाई काळीभोर आहे, लेखनिकाचा हात सराईत आहे, अतिसराईत आहे. एकच वळण मला तीन प्रकारे दिसते. मी मोडीची जी परीक्षा दिली, तीत एकेक अक्षर सुटे, ठेंगणे, आज्ञाधारक असे होते. हे अक्षर धावत आहे आणि माझ्यासाठी थांबावयास तयार नाही.

दहा वाजले, साडेदहा वाजले. चौथी ओळ सोडून सातवीकडे गेलो, सातवी सोडून अकरावीकडे.

११ वाजून ४० मिनिटांनी एक शंका आली. गनीभाईंनी केलेला बदल हेच दोषनिवारणाचे कारण होते, की नवी तार? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या असता कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. प्रयोगाच्या शुद्धतेसाठी मी ‘डीप स्लीप’ची सोय पूर्ववत चालू केली. बारा वाजता लॅपटॉप झोपविला. मॉनिटर उठला नाही.

म्हणजे कारण तेच होते, हे सिद्ध झाले. जेवून घेतले. दुपारी गनीभाईंना फोन करून मॉनिटर पुन्हा बिघडल्याचे कळविले.


२३ मार्च, रविवार.

आज घडले ते जसेच्या तसे लिहितो.

गनीभाई सुटीच्या दिवशी आले, हे त्यांचे सौजन्य. पाठीमागचे बटण दाबले, यादी उघडली, आणि ते थांबले. म्हणाले, सर, ही सेटिंग आपोआप बदलत नसते. मी म्हणालो, विजेच्या दाबातील चढउतारामुळे असेल. ते यादीच्या तळाशी गेले. सोय बंद केली. स्टूल ओढून बसले.

मी चहा ठेवावयास उठत होतो. ते म्हणाले, बसा सर.

“हा मॉनिटर बसवला ना, तेव्हापासूनच असा आहे. दुसऱ्याच दिवशी मॅडमचा मला फोन, उठत नाही म्हणून. मी म्हणलं, पिन काढा, दहा मोजा, घाला. संध्याकाळी येऊन बघतो. तर म्हणल्या, नका येऊ. रोज सकाळी मी काढून घालत जाईन. फक्त सरांना सांगू नका.”

मी कारण विचारले.

“म्हणल्या, ते कंपनीला पत्रं लिहीत बसतील आणि कागद तसेच राहतील.”

मग गनीभाई पडद्याकडे पाहू लागले. तिथे माझे टंकन उघडे होते. तीन ओळी. त्यांनी त्या मोजल्या असाव्यात. मोजावयास वेळ लागत नाही. चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले, येतो सर, आता हा बिघडणार नाही.

दोन वर्षे. मी स्नान आटोपून, पूजा करून साडेनऊला टेबलाशी येई, तेव्हा पडदा उजळलेला असे आणि ती स्टुलावर बसलेली असे. तो आपोआप उजळतो, अशी माझी समजूत होती. अन्य कोणत्या गोष्टींविषयी माझी अशी समजूत आहे, याची यादी मी करणार नाही.


२४ मार्च, सोमवार.

आज मॉनिटरच्या दोषाची नोंद नाही. मॉनिटर निर्दोष आहे.

दुसरा दोष लिहितो. मला हा कागद वाचता येत नाही. मागील कोणताच कागद मी वाचलेला नाही. पुष्पावतीचे वडील शेवगावला दस्तलेखक होते. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी तिला पाटीवर मोडी शिकविली. तिने परीक्षा दिली नाही, कारण आमच्या घरातून एकाने दिली तरी पुरे असे मी म्हणालो होतो. मी बेचाळीस गुणांनी उत्तीर्ण झालो. ती वर्तमानपत्र वाचावे तसे वाचीत असे, भाजी निवडता निवडता वाचीत असे. कधी चुकून मी एखादा शब्द तिच्याआधी बोललो तर ती म्हणे, पाहा, येते की तुम्हाला. मी तो शब्द आधीच्या ओळीवरून ताडलेला असे.

सकाळी शहरातील दुसऱ्या एका मोडी वाचकांना फोन केला. त्यांच्याकडे कागदांची रांग आहे. वीस दिवस लागतील म्हणाले. मग गोरक्षला फोन करून उद्या काकूंना घेऊन यावे अशी विनंती केली. झाला का कागद, असे त्याने विचारले. मी म्हणालो, समक्ष सांगावयाचे आहे.


२५ मार्च, मंगळवार.

सांगावयाची वाक्ये मी रात्री जुळवून ठेवली होती. साळूबाई स्टुलावर बसताच ती सर्व वाक्ये गेली. मी म्हणालो, मला मोडी नीट वाचता येत नाही. वाचीत असे ती माझी पत्नी. जानेवारीतच हे सांगावयास हवे होते, मी तुमचे अडीच महिने खाल्ले.

गोरक्ष उठून उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो रास्त होता. साळूबाईंनी त्याला हाताने खाली बसविले.

“त्ये म्हाईत हाय मला. माझ्या नंदंचा कागद बाईंनीच वाचला, तवा मी हितंच बसले हुते. तुमी नुस्तं टकटक करीत हुता.”

मग तुम्ही माझ्याकडे कागद का आणलात, असे मी विचारले.

“ह्यो म्हनत हुता, बाई गेल्या, दुसरीकडं जाऊ. मी म्हनलं, एवढी वर्सं त्यो मानूस शेजारी बसून ऐकत हाय. डोळं नसतील, कान तर असतील.”

अपमान वाटावयास हवा होता. वाटला नाही, किंवा त्याला वेळ नव्हता. गोरक्षने घड्याळ पाहिले आणि विचारले, सर, दीड दिवस आहे, काय काय येतं तुम्हाला? मी म्हणालो, सुटी अक्षरे येतात, जोडून येत नाहीत. साळूबाई म्हणाल्या, तर मग तुमी अक्षरं बोला, मी शेत सांगते.

आणि असेच सुरू झाले. मी पडद्याला नाक लावून एकेक अक्षर उच्चारायचे, जिथे शंका तिथे दोन्ही शक्यता बोलायच्या. साळूबाईंना एक अक्षर लिहिता-वाचता येत नाही. परंतु त्या कागदातली प्रत्येक विहीर, प्रत्येक बांध, प्रत्येक चुलत आजेसासरा त्यांना ठाऊक आहे. चौथ्या ओळीतील नावे, ज्यांच्यापुढे मी शनिवारी हात टेकले होते, ती त्यांनी दोन अक्षरे ऐकताच सांगितली. वर त्यातल्या एकाला दोन बायका होत्या आणि धाकटी भांडखोर होती, हेही सांगितले. मी म्हणालो, ते कागदात नाही. त्या म्हणाल्या, मग कागद अर्धाच हाय.

एक नाव पटले की त्यातले वळण ओळखीचे होई आणि पुढच्या ओळीत तेच वळण मला दिसे. हे मी यापूर्वी कधी अनुभवले नव्हते. दुपारपर्यंत चौदा ओळी. मध्ये लॅपटॉप चार वेळा झोपला, चार वेळा उठला. मॉनिटरकडे कोणाचे लक्ष नव्हते.

गोरक्षने टंकन केले. त्याचा वेग माझ्यापेक्षा बरा आहे, ऱ्हस्व-दीर्घ वाईट आहे.


२६ मार्च, बुधवार.

एकोणतिसाव्या ओळीत गाडीवाट निघाली. ‘गाडीवाट निरंतर चालवावी.’ हे मी वाचले. साळूबाईंनी काही सुचविण्याआधी वाचले, आणि मागच्या शब्दावरून ताडून नव्हे. त्यांनी पदराने तोंड पुसले.

त्यापुढचे शब्द वाटेच्या रुंदीचे आहेत. ‘हात’ हा शब्द स्वच्छ आहे. किती हात, ते अक्षरांत लिहिलेले आहे आणि ते मला साधले नाही. तासभर घालविला.

“आठ लिवा,” साळूबाई म्हणाल्या. “आठ हातच हाय. माझ्या सासऱ्यानं मोजलेली.”

मी म्हणालो, असेलही, पण मला आठ दिसत नाही.

“बाईंनी लिवलं असतं.”

“बाईंनी वाचलं असतं,” मी म्हणालो. “वाचता न आलेलं लिहिलं नसतं.”

साळूबाई रागावल्या. उठून खिडकीपाशी गेल्या. ट्रॅक्टर चार हातांत मावत नाही, हे त्यांनी मला पाठमोऱ्या राहूनच सांगितले. गोरक्ष बोटे कळफलकावर ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. त्याला फक्त एक शब्द उमटवायचा होता, आणि उद्या ते तपासणारे कोणीही नव्हते. मग साळूबाई परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, सोडा, म्होरं चला.

सायंकाळी सहाला बेचाळिसावी ओळ संपली. एकूण पाच ठिकाणे राहिली. अशा ठिकाणी कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. मी गोरक्षला तसेच सांगितले. त्याने पाच ठिकाणी टंकले. मग मी कागद मोठा करून ती ठिकाणे पुन्हा पाहिली. अस्पष्ट काहीही नाही. लिहिणाऱ्याने एकशेचौदा वर्षांपूर्वी आपले काम चोख केले आहे. मी पाचही ठिकाणी बदल करविला : ‘मला वाचता आले नाही.’

सही केली.


२७ मार्च, गुरुवार.

सकाळी गोरक्षच्या गाडीने नेवाशाला. आमचे प्रकरण दीड वाजता पुकारले.

शेजाऱ्याचे वकील तरुण आणि तल्लख आहेत. त्यांनी दाखला वाचला आणि थेट त्या पाच ठिकाणांवर बोट ठेवले. मोठ्याने वाचून दाखविले, ‘मला वाचता आले नाही’. दालनात दोघे-तिघे हसले. वकिलांनी विचारले की तज्ज्ञांनाच वाचता येत नसेल तर उरलेले तरी बरोबर कशावरून? कागद अस्पष्ट आहे का?

मी सांगितले, कागद स्पष्ट आहे.

“मग साहेब, आजवर इथे आलेल्या तुमच्या दाखल्यांत असा शेरा कधी आढळत नाही. तेव्हा बरं सगळं वाचता आलं?”

हा प्रश्न येईल, हे मला काल सही करतानाच दिसले होते. गप्प राहता आले असते. प्रकृतीचे कारण होते, डोळ्यांचे होते. मी म्हणालो, “तेव्हाचे कागद माझ्या पत्नीने वाचले. तिला सर्व वाचता येत असे. सही माझी असे. ती नोव्हेंबरात वारली. हा कागद मी वाचला आहे, म्हणून त्यात पाच जागा रिकाम्या आहेत.”

वकिलांनी तहसीलदारांकडे पाहिले. आपले काम झाले असे त्यांना वाटले असावे. तहसीलदारांनी मूळ कागद मागून घेतला, एकोणतिसावी ओळ कोणती ते माझ्याकडून बोटाने दाखवून घेतली, आणि ‘गाडीवाट’ हा शब्द अक्षर अक्षर फोडून दाखविण्यास सांगितले. मी दाखविला. मग ‘निरंतर’. तोही दाखविला. आधीचे दाखले हा आजचा विषय नाही, असे ते म्हणाले. त्या आवाजात दयामाया नव्हती आणि मला ते बरे वाटले. वाट होती हे प्रथमदर्शनी दिसते. रुंदी ठरविण्यासाठी ते आठ एप्रिलला स्वतः जागेवर येणार आहेत. तोवर चर बुजवून एक ट्रॅक्टर जाईल इतकी वाट मोकळी करावी, असा अंतरिम आदेश झाला.

साळूबाईंनी आदेश ऐकला आणि पहिला प्रश्न गोरक्षला केला : मजूर परवा येतील का? तो फोन लावीत बाहेर गेला.

मला जबाबावर सही करण्यासाठी थांबावे लागले. लिपिकाने मजकूर टंकला होता, वरचे रकाने राहिले होते. नाव सांगितले. पत्ता सांगितला. त्याने मान वर न करता विचारले, व्यवसाय काय लिहू, मोडी वाचक ना?

“सेवानिवृत्त शिक्षक,” मी म्हणालो. “मोडी शिकत आहे, असे लिहा.”

त्याने तसे टंकले.

“वय?”

“अडुसष्ट.”

तेही टंकले.